जायंट स्लॅलममध्ये गेटागणिक वेळ: अंगावरच्या सेन्सरच्या प्रकल्प नोंदी

3 नोव्हेंबर: काय मोजायचं

जागा ठरली: गुलमर्ग. गोंडोलाचा पहिला टप्पा जिथे सोडतो ते कोंगडोरी आणि त्याच्या आसपासचे उतार. उंची सुमारे 3,080 मीटर. सरावाचा कोर्स जायंट स्लॅलमचा, म्हणजे उतारावर खांब रोवून केलेल्या गेटांमधून वळणं घेत खाली यायच्या स्की शर्यतीचा.

स्पर्धेत स्टार्टचा वाँड (पायापुढचा आडवा दांडा) उघडल्यापासून फिनिशचा फोटोसेल (रेषेवरचा प्रकाशकिरण) तुटेपर्यंतची वेळ घेतात. दिवसाची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदतात, वजाबाकी करतात आणि निकाल शंभराव्या भागापर्यंत छाटून देतात, पूर्णांकन करत नाहीत. एवढ्यावर कोण जिंकलं ते कळतं. वेळ कुठे गेली ते कळत नाही, आणि प्रशिक्षकाला नेमकं तेच हवं असतं. प्रत्येक गेटला फोटोसेल लावणं व्यवहारात जमत नाही. वायर, तिपाई, बर्फात हलणारे परावर्तक, शिवाय वळणातल्या खेळाडूच्या वाटेत उभं केलेलं सामान.

लक्ष्य: प्रत्येक गेटवर 5 मिलिसेकंदांच्या आत वेळ. 16 मीटर प्रति सेकंद वेगाला 5 मिलिसेकंद म्हणजे 8 सेंटिमीटर. पुढचं प्रत्येक माप या आठ सेंटिमीटरच्या हिशोबात बसवायचं.

नुसत्या जीएनएसएसवर (जीपीएससारख्या उपग्रहांवरून स्थान काढण्यावर) हे भागत नाही. आरटीके (जवळच्या स्थिर बेसकडून दुरुस्ती घेण्याची पद्धत) चालू असताना स्थान दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत मिळतं हे खरं, पण 10 हर्ट्झला (सेकंदाला दहा नोंदींना) दोन नोंदींमध्ये 1.6 मीटर अंतर जातं. ते मधे भरून काढता येईल, खरी अडचण दुसरीच आहे. अँटेना पाठीवर असते आणि वळणात खेळाडू आतल्या बाजूला इतका कललेला असतो की पाठ आणि स्की यांची वाट वेगवेगळी असते. नियम पायांबद्दल बोलतो: दोन्ही स्कीची टोकं आणि दोन्ही पाय गेटरेषेच्या (गेटच्या खांबांना जोडणाऱ्या रेषेच्या) पलीकडे गेले की गेट पार. म्हणून वेळ पायाला घ्यायची.

उपाय: गेटच्या बुंध्याशी बर्फात चुंबक पुरायचा आणि नडगीवर मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) बांधायचा. लोझानच्या ईपीएफएल आणि झाल्झबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी ही पद्धत स्की शर्यतीसाठी वापरून दाखवली आहे. तत्त्व तेच घेतो, रचना आपली.

9 नोव्हेंबर: भाग

नडगीचं युनिट, प्रत्येक पायाला एक:
- एनआरएफ52840 बोर्ड (प्रोसेसर आणि रेडिओ)
- आयसीएम-20649 आयएमयू (त्वरण मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर आणि फिरण्याचा वेग मोजणारा जायरो), ±30 जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) आणि ±4000 अंश प्रति सेकंद, 500 हर्ट्झ
- आरएम3100 मॅग्नेटोमीटर, सायकल काउंट 100, 250 हर्ट्झ
- 1 गिगाबिट नँड फ्लॅश, बोर्डावर डाग दिलेली
- 500 एमएएच लिथियम पॉलिमर सेल

पाठीचं युनिट: झेडईडी-एफ9पी जीएनएसएस रिसीव्हर, हेलिकल अँटेना, दुरुस्ती संदेशांसाठी रेडिओ, 1000 एमएएच सेल. पाठीच्या प्रोटेक्टरच्या वरच्या टोकाला, मानेखाली.

मायक्रोएसडी कार्ड मुद्दाम टाळलं. कडक बर्फावर नडगीला जो थरथराट बसतो त्यात कार्डाचा संपर्क क्षणभर सुटतो, आणि फाइल नेमकी रनच्या (एका उतरणीच्या) मधेच तुटते. आयएमयूचे सेकंदाला 6 किलोबाइट, मॅग्नेटोमीटरचे सव्वादोन, वर वेळेचे शिक्के. मिळून 9 धरले तर 128 मेगाबाइट पावणेचार तासांहून जास्त पुरतात. सकाळचं सत्र निघून जातं.

आयसीएम-20948 मध्ये मॅग्नेटोमीटर आतच असतो, म्हणून तो स्वस्त पडला असता. पण त्यातला मॅग्नेटोमीटर 100 हर्ट्झच्या वर जात नाही, म्हणजे 16 मीटर वेगाला दर 16 सेंटिमीटरला एक नोंद. शिवाय अ‍ॅक्सेलरोमीटर ±16 जीला थांबतो. पायासाठी दोन्ही अपुरे.

16 नोव्हेंबर: घड्याळ

ही नोंद घाईत वाचू नये. जोडणीत सगळ्यात फसवी गोष्ट घड्याळ आहे.

युनिटाच्या घड्याळाला ठोके देणारा 32.768 किलोहर्ट्झचा साधा क्रिस्टल 25 अंशांना बरोबर चालतो. तापमान त्यापासून जितकं दूर, तितका तो मागे पडतो, आणि तोही फरकाच्या वर्गाने: साधारण 0.034 पीपीएम (दशलक्षात भाग) गुणिले फरकाचा वर्ग. उणे 10 अंशांना फरक 35, वर्ग 1225, म्हणजे जवळजवळ 42 पीपीएम. एका मिनिटाच्या रनमध्ये अडीच मिलिसेकंद. ते एक वेळ चालेल. पण खाली ताळमेळ लावून खेळाडू वर गेला, रांगेत थांबला आणि वीस मिनिटांनी सुटला तर 50 मिलिसेकंद गेले. दोन पायांची युनिटं वेगळ्या तापमानाला असतील, एक उन्हात आणि एक सावलीत, तर दोघांचं आपसातही जुळत नाही.

डीप फ्रीझरमधल्या चाचणीत वक्र सूत्राप्रमाणेच आला. तेव्हा रचना अशी: पाठीच्या रिसीव्हरचा सेकंदाचा पल्स हेच एकमेव घड्याळ. तो दर सेकंदाला 2.4 गिगाहर्ट्झवर दोन्ही नडग्यांना पाठवायचा, आणि नडगीच्या युनिटने स्वतःचा काउंटर त्या क्षणाला फक्त नोंदून ठेवायचा. काउंटर पुढेमागे सरकवायचा नाही, दुरुस्ती नंतर संगणकावर करायची. शरीर आडवं आलं की काही संदेश हरवतात. सलग दहा हरवले तरी 42 पीपीएमने अर्धा मिलिसेकंदही जात नाही, म्हणून काळजी नाही. स्टार्ट वाँड आणि फिनिश फोटोसेल यांच्याही युनिटांना आपापला जीएनएसएस पल्स. चारही ठिकाणी एकच वेळ.

24 नोव्हेंबर: चुंबक कसा ठेवायचा

निओडिमियम, एन42 दर्जा, 50 मि.मी. व्यास, 10 मि.मी. जाडी. चार चकत्या एकावर एक. एका चकतीचा चुंबकीय आघूर्ण (चुंबकाची ताकद) सुमारे 20 अँपिअर-चौरस मीटर, चारांचा 81. वजन गेटमागे 600 ग्रॅमच्या आत.

गुलमर्गला पृथ्वीचं क्षेत्र सुमारे 51 मायक्रोटेस्ला आहे. या चुंबकाचं क्षेत्र एक मीटरवर अक्षाच्या दिशेने 16, आडव्या दिशेने 8. अंतराच्या घनाने घटतं, म्हणून दोन मीटरवर तेच 2 आणि 1. पुढच्या गेटचा चुंबक मधे लुडबुड करत नाही.

प्रश्न दिशेचा. चुंबक उभा पुरणं सोपं, खांबाचं भोक तयारच असतं. पण सेन्सर चुंबकाहून अर्धा मीटर उंच आणि 70 सेंटिमीटर बाजूने जात असेल, तर उभ्या चुंबकाच्या क्षेत्राचा उभा घटक ऐन जवळच्या बिंदूला जवळपास शून्य होतो. बाजूचं अंतर उंचीच्या 1.41 पट झालं की हे घडतंच. द्विध्रुवाच्या (दोन ध्रुवांच्या चुंबकाच्या) सूत्रातली वजाबाकी तिथे नाहीशी होते. जायंट स्लॅलममध्ये नडगी खांबापासून जाते ती साधारण याच अंतराने. जिथे सिग्नल हवा तिथेच तो मरतो.

चुंबक आडवा, उताराच्या दिशेने ठेवला की चित्र पालटतं. आता बर्फाला लंब असलेला घटक आधी एका बाजूला चढतो, गेटपाशी शून्यातून जातो आणि दुसऱ्या बाजूला उतरतो. आणि तो शून्य होतो नेमका चुंबकाच्या अक्षाला लंब असलेल्या प्रतलात. खेळाडू कोणत्या कोनाने आला याचा त्यावर परिणाम नाही. म्हणजे चुंबकच वेळेची रेषा आखून देतो, फोटोसेलच्या किरणासारखी.

आकडे: सेन्सर 0.86 मीटरवरून गेला, तर शून्याजवळचा चढ मीटरला 26 मायक्रोटेस्ला, आणि दोन्ही बाजूंची शिखरं सहाच्या थोडी वर. आरएम3100 चा गोंगाट (नोंदींची आपोआप होणारी खालीवर) 0.02 च्या आसपास, त्यामुळे सेन्सरकडून काही अडत नाही.

यातून आणखी एक माप फुकट मिळतं. त्या दोन शिखरांमधलं अंतर चुंबकापासूनच्या अंतराएवढंच असतं; सूत्राचं अवकलन केलं की शिखरं बरोबर अर्ध्या-अर्ध्या अंतरावर येतात. 16 मीटर वेगाला शिखरांमध्ये 54 मिलिसेकंद दिसले की अंतर 0.86 मीटर. उंचीचा अर्धा मीटर पायथागोरसने काढला की बाजूचं अंतर 70 सेंटिमीटर. खेळाडू खांबाला किती घासून गेला हे थेट हातात.

एकूण क्षेत्राचं परिमाण वापरायचा मोह होतो, कारण त्याला पायाची दिशा लागत नाही. पण आडव्या चुंबकाचं परिमाण गेटपाशी सपाट माथ्याचं असतं. शिखर शोधायला गेलं की ते गोंगाटानुसार इकडेतिकडे सरकतं. घटकच वापरायचा.

1 डिसेंबर: पुण्यात चाचणी

लाकडी गाडा, लाकडी रूळ, पितळी स्क्रू. इमारतीच्या गच्चीवर हे करू नये: स्लॅबमधल्या सळ्यांनी क्षेत्र दर फुटाला बदलतं आणि चुंबकाची खूण त्यात बुडते. मोकळ्या मैदानावर गाडी उभी असेल तिच्यापासून निदान दहा मीटर लांब.

पृथ्वीचं क्षेत्र वजा करायची पद्धत इथेच पक्की झाली. गेटच्या आधी आणि नंतर पाव सेकंदाचं क्षेत्र संदर्भ म्हणून घ्यायचं आणि मधल्या काळात जायरोने पाय किती फिरला तेवढं ते फिरवायचं. तेवढ्या वेळात जायरोची चूक एका अंशाच्या आत राहते. दिशा दोन अंशांनी चुकली तरी, उताराच्या पातळीतला घटक 30 मायक्रोटेस्ला धरला तर, साधारण एक मायक्रोटेस्लाचा दोष येतो. चढाने भागला की 4 सेंटिमीटर, म्हणजे अडीच मिलिसेकंद. हिशोबात बसतं.

पुण्यात क्षेत्र सुमारे 43 मायक्रोटेस्ला आणि क्षितिजाशी त्याचा कल कमी. गुलमर्गला कल 53 अंशांच्या आसपास. इथले ऑफसेट (मॅग्नेटोमीटरच्या नोंदीतली कायमची चूक) तिथे चालतील असं धरू नये. कॅलिब्रेशन, म्हणजे ही चूक मोजून काढणं, जागेवर पुन्हा.

10 डिसेंबर: चुंबकांची ने-आण

चार चकत्यांच्या एका नळीचं क्षेत्र 2.1 मीटरवर पावणेदोन मायक्रोटेस्लापर्यंत जातं. विमान मालवाहतुकीत 2.1 मीटरवर 0.2 च्या आत असेल तरच माल साधा मानतात. म्हणून सगळं रस्त्याने. नळ्या जोडीने, ध्रुव उलटसुलट, लाकडी खाचांत, बाहेरून 2 मि.मी. लोखंडी पत्र्याची पेटी.

चकत्या हाताळताना जाड हातमोजे आणि मधे लाकडी पट्टी. 50 मि.मी.च्या दोन चकत्या सुटल्या तर बोट चिरडतं आणि निकेलचा थर उडतो. थर उडाला की ओल्या बर्फात चुंबक आतून भुगा होतो. म्हणून प्रत्येक संच इपॉक्सीत बुडवून 63 मि.मी.च्या पीव्हीसी पाइपात, दोन्ही टोकांना टोपी, अक्षाची दिशा लाल पट्टीने. पेसमेकर असलेल्या कोणीही पेटीजवळ यायचं नाही, हे पेटीवर मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत.

हिमस्खलन ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचा रेडिओ) वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: चुंबक किंवा चालू इलेक्ट्रॉनिक्स त्यापासून प्रक्षेपण करताना 20 सेंटिमीटर आणि शोध घेताना 50 सेंटिमीटर दूर. अफरवटच्या (कोंगडोरीच्या वरच्या शिखराच्या) बाजूला जाणाऱ्या कोणाच्याही खिशात चुंबक नको.

5 जानेवारी: कोंगडोरी, कॅलिब्रेशन

स्कीच्या कडा पोलादी, बाइंडिंगच्या (बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीच्या) स्प्रिंगा पोलादी. युनिट बूटाच्या वरच्या काठाला, बाहेरच्या अंगाला, बर्फापासून 40 सेंटिमीटरवर बांधलं. बाइंडिंगपासून जेवढं लांब तेवढं बरं. कॅलिब्रेशन पूर्ण जोडणीसह: बूट बाइंडिंगमध्ये अडकवलेला, युनिट बांधलेलं, दोघांनी स्की धरून सगळ्या दिशांनी सावकाश फिरवायची. एक मिनिट पुरतं. बिंदू गोलावर बसले पाहिजेत. लंबगोल राहिला तर फिरवताना एखादी दिशा राहून गेली.

सकाळी दररोज. पोलाद हळूहळू चुंबकित होतं, आणि रात्री स्की चुंबकांच्या पेटीला टेकवून ठेवल्या की ऑफसेट सकाळी वेगळाच दिसतो.

6 जानेवारी: पुरणं

खांबाच्या बुंध्याशी, बर्फाच्या 10 सेंटिमीटर खाली, अक्ष गेटरेषेला लंब. कोन लाकडी काटकोन लावून तपासायचा, कारण तो चुकला की वेळेची रेषाच खांबाभोवती फिरते. 70 सेंटिमीटरवर 10 अंशांचा दोष म्हणजे 12 सेंटिमीटर, साडेसात मिलिसेकंद. 3 अंशांच्या आत ठेवला तर सव्वादोन. एकाच अंतरावरून गेलेल्या दोन खेळाडूंच्या तुलनेत हा दोष वजा होऊन जातो, पण एक घासून आणि एक लांबून गेला तर उरतो.

प्रत्येक नळीला क्रमांक, नारिंगी दोरी आणि आरटीकेने घेतलेलं स्थान. संध्याकाळी बर्फ सारखं करणारं मशीन यायच्या आधी सगळ्या नळ्या मोजून बाहेर. एकही आत राहू द्यायची नाही, मशीनचं दातेरी रूळ तिचा चुरा करील आणि स्वतःही बिघडेल.

आरटीकेच्या बेसची तिपाई बर्फावर ठेवू नये. ऊन चढलं की पाय खचतात, बेस हळूहळू बुडतो आणि सगळा कोर्स वर गेल्यासारखा दिसतो. उघड्या खडकावर रंगाची खूण करून तिथेच रोज लावायचा.

12 जानेवारी: स्टार्ट आणि फिनिश

अ‍ॅक्सेलरोमीटरवरून स्टार्ट ओळखायची सूचना होती, बाद केली. चांगला खेळाडू आधी धड पुढे फेकतो, पाय मागून येतो आणि वाँड पायाने उघडतो. हालचाल सुरू झाल्याचा क्षण आणि वाँडचा क्षण यातलं अंतर खेळाडूगणिक वेगळं, थकव्यानेही बदलणारं. वाँडची वायरच युनिटला जोडली.

फिनिशला उलटा घोळ. फोटोसेल शरीराचा किंवा साहित्याचा जो भाग आधी येईल त्याने तुटतो, बहुधा स्कीचं टोक किंवा पुढे केलेला हात. नडगी त्याच्या मागे. मधे एक मीटर असेल तर 20 मीटर वेगाला 50 मिलिसेकंद. नडगीची वेळ एकूण वेळेशी जुळत नाही ती यामुळे, बिघाड शोधत बसू नये. फिनिशरेषेवरही एक चुंबक पुरला; गेटांमधल्या वेळा नडगीच्या, एकूण वेळ फोटोसेलची, आणि दोन्ही शेजारी छापायच्या.

दोन पायांपैकी जो नंतर रेषा ओलांडतो त्याची वेळ धरतो. नियमाला तेच धरून आहे.

18 जानेवारी: छाटलेली शिखरं

कडक बर्फावर बाहेरची स्की थरथरते तेव्हा नडगीवर 16 जीच्या वरचे धक्के सहज येतात. लक्षात ठेवण्याची गोष्ट: सेन्सर आतमध्ये आधी छाटतो (मर्यादेवरचा भाग कापतो) आणि मग फिल्टर लावतो. म्हणून बाहेर आलेल्या आलेखात शिखर 12 जीचं, गुळगुळीत, निर्दोष दिसतं, आणि तरी ते छाटलेलं असतं. त्यावरून वेग काढला की तो एका बाजूला सरकतो. ±30 जी आणि सगळ्यात रुंद बँडविड्थ ठेवायची, गाळणं संगणकावर. छाटलेल्या नोंदींची संख्या प्रत्येक रनच्या शीर्षकात यायला हवी.

वेग मुळात पाठीच्या जीएनएसएसमधूनच घ्यावा, आयएमयूने फक्त मधल्या फटी भराव्यात. जायरोचा 0.1 अंश प्रति सेकंदाचा बायस (कायमची चूक) एका मिनिटात 6 अंश होतो. तेवढ्या तिरकेपणाने गुरुत्वाकर्षणाचा दहावा हिस्सा आडव्या त्वरणात मिसळतो.

27 जानेवारी: थंडी

शून्याखाली सेल चार्ज करायचा नाही. लिथियम धातूरूपात साठतं, क्षमता कायमची जाते, आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका. युनिटं आधी खोलीच्या तापमानाला आणायची. आत नेण्यापूर्वी बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करायची, म्हणजे दव पिशवीवर पडतं, बोर्डावर नाही. वेल्क्रोत बर्फ भरला की पट्टा सुटतो. रबरी पट्टा आणि प्लास्टिकचं बकल टिकलं.

4 फेब्रुवारी: वेळ दिसते कुठे, जाते कुठे

या सगळ्या खटाटोपाचं कारण या नोंदीत आहे. गेटागणिक वेळेचा तक्ता पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण जिथे फरक मोठा दिसतो त्या गेटवर बोट ठेवतो. बहुतेक वेळा ते बोट चुकीच्या जागी असतं.

उदाहरण हिशोबाने. दोन खेळाडू तीव्र उतार उतरून सपाटीवर आले, एकाचा वेग 16, दुसऱ्याचा 15.5 मीटर प्रति सेकंद. गेटांमध्ये 25 मीटर अंतर. पहिल्याला 1.563 सेकंद, दुसऱ्याला 1.613. प्रत्येक गेटला पाच शतांश, चार गेटांत दोन दशांश. दुसऱ्याने सपाटीवर काहीही चुकीचं केलेलं नसताना तक्ता सगळा दोष सपाटीवर टाकतो. चूक झाली ती वर, तीव्र उताराच्या शेवटच्या वळणात.

म्हणून वेळेच्या शेजारी ऊर्जा मांडतो: एका किलोमागे उंचीची ऊर्जा अधिक वेगाच्या वर्गाचा अर्धा. वरच्या दोघांच्या ऊर्जेत फरक 7.9 जूल प्रति किलो. उंचीत सांगायचं तर 80 सेंटिमीटर. प्रशिक्षकांना जूल सांगण्यापेक्षा हे लगेच पटतं: त्या वळणात 80 सेंटिमीटर उतार वाया घालवला. ऊर्जेची रेषा जिथे अचानक खाली वाकते ते खरं गेट. तिथे स्की सरकली, म्हणजे कडेवर न चालता आडवी घासली, किंवा वळण उशिरा सुरू झालं आणि सगळा दाब खांबाच्या खाली आला.

खांबापासूनचं अंतर इथे कामाला येतं. वेग वाया गेला आणि अंतर कमी असेल तर खेळाडू फार सरळ आला आणि खाली अडकला. अंतर जास्त आणि वेग शाबूत असेल तर वाट लांबली, पण वळण चांगलं होतं. अशाला "खांबाला चिकट" एवढं सांगितलं तर तो पुढच्या रनला नेमका पहिल्या चुकीत पडतो. दोन्ही आकडे एकत्र वाचल्याशिवाय सूचना देऊ नये, असं आमचं ठाम मत.

12 फेब्रुवारी: प्रशिक्षकाचा कागद

रन संपल्यावर डेटा फोनवर, पुन्हा वर पोहोचेपर्यंत एक पान तयार. त्यावर तीनच गोष्टी: ऊर्जा सगळ्यात जास्त गेलेली दोन गेटं, त्या गेटांना खांबापासूनचं अंतर, आणि स्वतःच्या आधीच्या रनशी फरक. पूर्ण तक्ता संध्याकाळसाठी. वर उभ्या असलेल्या खेळाडूला चाळीस आकडे दाखवू नयेत, त्याच्या डोक्यात कोर्स असतो.

वाट खणली जाते तसा हिशोबही बदलतो. खूप रन झाल्यावर वळणात खोल चर पडते आणि सेन्सरची उंची दहा-पंधरा सेंटिमीटरने कमी होते. शून्याचा क्षण जागचा हलत नाही, पण बाजूचं अंतर काढताना अर्धा मीटर धरलेला असतो तो चुकतो. दर दहा खेळाडूंनंतर चरीची खोली पट्टीने मोजून तक्त्यात भरायची.

20 फेब्रुवारी: स्लॅलमसाठी बदल

स्लॅलममध्ये (गेटं जवळजवळ असलेल्या शर्यतीत) खेळाडू खांब नडगीच्या गार्डने आणि हाताने पाडत जातो, म्हणून युनिट पुढे किंवा बाहेर नको. बूटाच्या मागच्या काठाला, पोटरीखाली. अंतर कमी असल्याने दोन चकत्या पुरतील. हेअरपिनमध्ये (उताराच्या दिशेने लागोपाठ लावलेल्या दोन गेटांत) खांब जवळजवळ येतात, तिथे लागोपाठच्या चुंबकांचे ध्रुव उलट ठेवायचे, म्हणजे चढता शून्य आणि उतरता शून्य यावरून गेटाचा क्रम आपोआप ओळखता येतो. फर्मवेअरमध्ये (युनिटातल्या प्रोग्रॅममध्ये) चिन्हाची तपासणी घातली आहे. नळ्या कापून तयार आहेत, काटकोनाचा लहान साचा सुताराकडून यायचा आहे.